कच्चा हात

भूमच्या बाजारादिवशी ते मला पेटी शिकवायला एसटीनं यायचे. आम्ही त्यांना पेटीमास्तर म्हणायचो. नाव कधी कळलंच नाही. आल्यावर भिंतीला टेकून जरा डोळे मिटायचे. मग पेटीच्या पट्ट्यांवर आपला पंचा टाकून म्हणायचे, "आता न बघता." ते वाजवतील ती कॉर्ड, म्हणजे तीन सुरांचा मेळ, ऐकून ओळखायची आणि पंच्याखाली तीन पट्ट्या एकदम दाबून तीच धरायची.

मला पेटी आली, की मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. त्यांना सुरातलं काही कळायचं नाही.

एके दिवशी मी एकही कॉर्ड चुकले नाही. वडिलांनी दारातून विचारलं, "मास्तर, बसला का हात?"

"न्हाय जी. लई कच्चा हाय अजून."

वडील गेले. मला रडूच आलं. "चुकलं कुठं, मास्तर?"

भाता मिटत ते थकल्या आवाजात म्हणाले, "कुठंच न्हाय, पोरी. ज्या घरी हात बसला म्हणलं, तिथं पुढल्या खेपेला पोर दिसत न्हाय. नुसती पेटी दिसती."

माझा हात मग मॅट्रिक होईपर्यंत कच्चाच राहिला.