फोटोतलं कुंकू

स्टीलच्या तांब्यावर नाव घातलं की घातलं. ते पुसता येत नाही आणि खोडताही येत नाही. पंचेचाळीस वर्षं मी नाशिकच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून हेच काम केलं. लग्नाची भांडी, बारशाच्या वाट्या, देवळाला दिलेल्या समया. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, मी छन्नी लावायचो आणि ठोकत जायचो. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण आधी पेन्सिलने आखून घेणाऱ्यांतला मी नव्हतो. सरळ धातूवर हात. चुकलेलं एकच भांडं आहे, ते माझ्या घरात फळीवर मागच्या रांगेत असतं आणि त्याच्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

मग दुकानाच्या मालकाने कोरायचं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर करून दिलं की ते नाव तर कोरतंच, माणसाचा फोटोसुद्धा पितळेच्या पत्र्यावर उतरवतं. मालक म्हणाला, "बाबा, आता आराम करा. वाटलं तर चहाला येत जा."

चहा प्यायला का मी पंचेचाळीस वर्षं येत होतो? मी म्हटलं, "महिन्याभरात ते कॉम्प्युटरचं शिकून येतो." तो हसला. वाईट हसला नाही, लहान पोर काही बोललं की हसतात तसं हसला. त्या हसण्यापायी मी क्लास लावला.

क्लास भद्रकालीकडे एका जिन्यावर, पहिल्या मजल्यावर. आठ कॉम्प्युटर आणि शिकणारी सगळी माझ्या नातवंडांच्या वयाची. शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची. सगळे तिला मॅडम म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही. अडलं की नुसता खाकरायचो. छन्नी धरताना जो हात कधी हलला नाही तो माऊसवर थरथरायचा. रेघ ओढायला जावं तर बाण पडद्याच्या बाहेर. तरी चिकाटीने शिकलो. फोटो उघडायचा, कापायचा, उजळ करायचा, एकावर एक थर ठेवायचे. ती सांगायची की हे थर म्हणजे काचेवर काच. वरच्या काचेवर काहीही करा, खालची तशीच राहते.

आणि रोज एक गोष्ट ती बजावायची. "आजोबा, सगळ्यात पहिलं काम? मूळ फोटोची कॉपी. मूळ फोटोला हात लावायचा नाही."

एकदा मी म्हटलं, "ज्याचा हात कच्चा त्याने कॉपी काढावी."

ती म्हणाली, "हात पक्काच आहे हो तुमचा. बोट तेवढं चुकीच्या बटणावर आहे."

पोरं खो खो हसली. मी मान वर केली नाही. पण त्या दिवसापासून कॉपी काढायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं. असा स्वभाव. आता लिहिताना त्याचा अभिमान वाटत नाही, पण तेव्हा वाटत होता.

तिसऱ्या आठवड्यात माझी आक्का गेली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सिन्नरला दिलेली. पदरात लहान मुलगा असताना नवरा तापाने गेला. मग बिड्या वळून वळून तिने त्या एका पोराला वाढवलं. तोच माझा भाचा.

सावडणं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो अस्थी घेऊन सकाळीच नाशिकला आला. मी त्याला क्लासवरच बोलावलं होतं. मडकं मांडीवर घेऊन त्याचा चुलता खाली जीपमध्ये बसला होता. भाच्याच्या हातात एक जुना फोटो होता, काळा-पांढरा, लग्नानंतर दोन-चार महिन्यांनी स्टुडिओत काढलेला. नवरा खुर्चीत, आक्का शेजारी उभी. डोक्यावर पदर, आणि कपाळावर भलं मोठं कुंकू. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकूही काळंच.

"दुसरा फोटोच नाही मामा," तो म्हणाला. "मोबाईल वर केला की तोंडावर पदर घ्यायची. आधार कार्डावरचा बघवत नाही. हा तिच्या ट्रंकेत होता. आणि तिने सांगून ठेवलंय, हा माझ्याबरोबर गंगेत सोडा."

म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा तो आत्ताच, मग खरा फोटो पाण्यात जाणार. क्लासच्या मुलीने तो स्कॅनरच्या काचेवर ठेवून आत घेतला, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिला.

भाचा खाली वाकून पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "दहाव्याला फ्रेम पाहिजे. एकटी आई ठेवा. आणि मामा, तेवढं कुंकू काढा."

"का रे?"

"आम्ही आईला कधी कुंकवात पाहिलीच नाही. लोकांना वाटेल दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो लावलाय. जमेल ना? नायतर स्टुडिओत देतो."

त्या शेवटच्या वाक्याने मी पेटलो. ते काढावं की नाही हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही, जमेल की नाही एवढंच आलं. म्हटलं, "पितळेवर नावं घालणाऱ्याला एक ठिपका काढता येणार नाय होय?"

मग आम्ही रामकुंडावर गेलो. अस्थी सोडल्या, मागोमाग फोटो सोडला. तो थोडा वेळ वर तोंड करून तरंगला, मग कडेने भिजत भिजत उलटा झाला.

त्याच दुपारी मी परत क्लासवर जाऊन बसलो. नवऱ्याला कापून काढलं. त्याच्या कोटाच्या बाहीचा एक तुकडा आक्काच्या कोपराशी राहिला, तोही घालवला. मग कपाळ मोठं केलं. इतकं मोठं की पडद्यावर नुसते करडे चौकोन दिसत होते आणि मधे काळे. त्यात एक शिक्का असतो. शेजारच्या चांगल्या कातडीवर दाबून तिचा नमुना उचलायचा आणि नको त्या जागेवर उठवत जायचा. म्हणजे तिच्याच कपाळाचा तुकडा घेऊन तिच्याच कपाळावर लावायचा. मी कडेकडेने आत गेलो. काळं आक्रसत गेलं. हात त्या दिवशी थरथरला नाही.

मुलगी मागून जाता जाता म्हणाली, "आजोबा, कॉपी काढलीय ना?"

"माझं मला कळतं," मी म्हटलं.

दीड तासात काम झालं. कपाळ साफ. कुणी बोट ठेवून दाखवावं इथं काही होतं म्हणून. सेव्ह करताना कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नाही, पण होचं बटण कुठं असतं ते पाठ होतं. मी हो म्हटलं आणि बंद केलं.

दोन दिवसांनी भाचा प्रिंट न्यायला आला. हातात धरून बराच वेळ बघत राहिला. डोळे भरले त्याचे. म्हणाला, "झकास मामा. हीच आई."

मी फुशारून म्हटलं, "मग? मी काय सांगितलं होतं?"

मग तो आपसूक बोलायला लागला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शंभरदा आठवून पाहिलंय. "मामा, ती भाऊबीज आठवते? आईने बारकी टिकली लावली होती, आणि तुम्ही काढायला लावली."

आठवत होती. नवरा गेल्यानंतरची दुसरी भाऊबीज. बिडीच्या कारखान्यात मोकळं कपाळ बघून मुकादम नको ते बोलायचा, म्हणून ती टिकली लावून जायला लागली होती. तशीच माझ्याकडे आली. घरात माझे सासरचे लोक बसलेले. तिने सिन्नरहून आणलेलं ओवाळायचं ताट उचललं आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आधी ते काढ. चार माणसांत शोभतं का?" ती "बरं" म्हणाली. टिकली काढली आणि मला ओवाळलं. टिकलीचं पुढे काय झालं ते मी पाहिलं नव्हतं.

"तिने ती ताटालाच चिकटवली," भाचा म्हणाला. "तुम्ही तिचं नाव घातलेलं ताट, त्या नावाच्या शेजारी. सिन्नरला घरी येईपर्यंत ती तिथंच. मी विचारलं, आई, परत नाही लावणार? तर म्हणाली, राहू दे, ताटालाच शोभते."

असं म्हणून त्याने प्रिंट कागदात गुंडाळला आणि सिन्नरची बस चुकेल म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी मी जिन्यात बसलेलो. मुलगी कुलूप काढत होती तेव्हाच म्हटलं, "मॅडम, ते कुंकू परत आणून द्या."

पहिल्यांदाच मी तिला मॅडम म्हटलं. तिने चमकून पाहिलं. फाइल उघडली. मागे जायचं बटण दाबलं, काही झालं नाही. "मूळ फोटो कुठं ठेवलाय आजोबा?"

"हाच."

"याची कॉपी?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिने कचऱ्याची पेटी बघितली, स्कॅनचं फोल्डर बघितलं. ते रोज संध्याकाळी रिकामं करतात. पेनड्राइव्ह बघितला. अर्धा तास ती शोधत होती. मला वाटलं आता बोलेल, रोज सांगत होते म्हणून. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या खुर्चीशी पाण्याचा ग्लास ठेवला आणि दुसऱ्या पोरांकडे गेली.

मग मी ते परत काढायला बसलो. काळा गोल. फार गोल झाला. पुसला. थोडा वाकडा काढला, तर डाग वाटला. आक्का आधी मेण लावून त्यावर कुंकू दाबायची, त्यामुळे कडेला जरा उडालेलं असायचं, डाव्या बाजूला जास्त. की उजव्या? फोटोत मी ते इतकं मोठं करून पाहिलं होतं, पुसता पुसता पाहिलं होतं, आणि आता आठवत नव्हतं. आता मात्र प्रत्येक वेळी आधी कॉपी काढत होतो. दुपारपर्यंत तीस-चाळीस कॉप्या झाल्या. एकीतही ती नव्हती. कपाळावर ठिपका लावलेली कुणीतरी बाई होती.

दहाव्याला सिन्नरला गेलो. पिंडाला कावळा लवकर शिवला, लोक म्हणाले म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती. मी ऐकून घेतलं. घरासमोर मांडव होता. टेबलावर फ्रेम, तिला हार. कपाळ गुळगुळीत. इतकं गुळगुळीत की बाकीच्या चेहऱ्यावर जुन्या फोटोचे जे बारीक दाणे होते ते तेवढ्या जागी नव्हते. माझ्याशिवाय कुणाला ते दिसत नसावं.

माणसं एकेक करून फुलं वाहत होती. माझा नंबर आला. शेजारी पूजेचं तबक होतं. मी त्यातलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, दाबून लावलं.

मागे बायकांची कुजबुज थांबली. भाचा पटकन पुढे आला. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने काच पुसली आणि माझ्या कानाशी येऊन, चिडून नव्हे, समजावल्यासारखं म्हणाला, "मामा, असं काय करता? चार माणसांत शोभतं का?"

मी म्हटलं, "बरं."

मागे येऊन सतरंजीवर बसलो. त्याने घाईत पुसलं होतं. कपाळापासून कानापर्यंत काचेवर एक तांबूस फराटा राहिला होता. फुलं वाहणाऱ्यांपैकी कुणी तो नीट पुसला नाही. मांडव सोडायला माणसं आली तोपर्यंत मी तिथंच बसून होतो.