तीन घरं वर

आमच्या बाळांच्या दवाखान्यात तिला सगळे ठिपकेमावशी म्हणायचे. बाळाचं वजन करायचं आणि त्याच्या कार्डावरच्या आलेखात ठिपका द्यायचा, एवढंच तिचं काम. आडव्या रेघेवर वय महिन्यांत, उभ्या रेघेवर वजन किलोत. एकेका महिन्याची आणि एकेका किलोची दहा बारीक घरं. वजन चार पॉइंट सहा असेल, तर चारच्या वर सहा घरं मोजूनच पेन टेकायचं. मी शेजारच्या टेबलावर केसपेपर लिहायचे. "अगं, साडेचारवर दिलास तर आकाश कोसळेल का?" असं चिडवलं की म्हणायची, "वजन आहे हे. तुझं वय नाही, अंदाजे सांगायला."

कार्डावर एक तांबडी रेघ होती. ठिपका तिच्या खाली गेला की बाळ मोठ्या इस्पितळात. वर असला की पुढच्या महिन्यात या.

मग तिची स्वतःची नात यायला लागली. लेकीचं पहिलंच बाळ, दूध पितानाही घामाघूम व्हायचं. साडेतीन महिन्यांची असताना काटा चार पॉइंट सहावर थांबला. तांबडी रेघ तिथे चार पॉइंट आठवर होती. लेकीला काटा दिसत नव्हता, पण आईचा चेहरा बघून तिचे डोळे भरले. "आई, माझंच दूध कमी पडतंय ना?"

मावशीनं पेन उचललं आणि ठिपका चार पॉइंट नऊवर दिला. तीन घरं वर. लेकीचा जीव भांड्यात पडला. मी सगळं पाहिलं आणि गप्प बसले. त्याची मला आजही चीड येते.

"पुढच्या खेपेला भरून काढेल गं ती," मावशी मला हळूच म्हणाली. पुढच्या खेपेला काटा चार पॉइंट नऊ, ठिपका पाच पॉइंट तीनवर. आमच्या डॉक्टरांनी कार्डावरून नजर फिरवली. "छान चाललंय."

पाच महिन्यांची झाली आणि एका सकाळी तिला धाप लागली. मोठ्या इस्पितळात नेलं, पण दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयाला भोक होतं. दीड महिना आधी आणली असती तर वाचली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मावशी अजून त्याच टेबलावर बसते. हल्ली भिंग लावून ठिपका देते. कुणाची आई कितीही रडली, तरी तिचं पेन हलत नाही. माझ्याशी मात्र ती बोलायची थांबली आहे.

परवा तिच्या लेकीला भेटायला गेले, तेव्हा मावशीही तिथेच होती. कार्ड तिनं पाळण्याच्या जागी भिंतीवर लावलंय. "बघा ना काकू, सगळे ठिपके रेघेच्या वर आहेत. म्हणजे मी कुठे कमी पडले नाही ना?"

"नाही गं बाळा," मावशी म्हणाली. तेवढं खरं होतं.

लेकीनं डोळे पुसले. "पुढचं बाळ झालं ना आई, तर त्याचे ठिपकेही तूच दे."

मावशीनं होकारार्थी मान हलवली.