सुमनचं कॉलेज हलणार नाही

सुमन गेल्याचं मला बाजारात कळलं. मी मेथीची जुडी निवडत होते आणि समोर सुमनच्या हाताखाली शिकलेल्या दौलतने ऐन बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर खाली ओढलं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान; कमाईचा दिवस हाच. मी दटावलंच, "काय रे, आज कुठं निघालास?" तो म्हणाला, "बाई... मॅडम गेल्या." मेथी तिथंच राहिली. आता काही आठवडे उलटलेत, पण मला रडू कमी, रागच जास्त येतोय.

सुमन माझी बालमैत्रीण. मी झेडपीच्या शाळेत बाराखडी गिरवून घेत राहिले, ती गावच्या कम्युनिटी कॉलेजची प्राचार्य झाली. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि काठावर आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात कॉलेज भरायचं: मोटर रिवाइंडिंग, वायरिंग, शिवणकाम. पहिली तुकडी पास झाली ती सगळीच्या सगळी शिक्रापूरच्या कारखान्यांत लागली. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने पेढे वाटले. सुमनने पेढा हातात घेतला नाही. "अगं, गावानं शिकवायचं आन् पोरांनी तिकडं खोल्यांची भाडी भरायची? इथं मोटर जळली की माणूस अजून दौंडलाच पळतोय!" मी म्हटलं, "पोरं पोटाला लागली, तुझं काय बिघडलं?" त्यावर बाईसाहेब माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षापासून तिने प्रात्यक्षिक परीक्षा आठवडे बाजारातच घ्यायला सुरुवात केली. कांद्यावांग्यांशेजारी टेबलं मांडायची, गोदामातून वायर ओढायची, आणि ज्याची मोटर जळली असेल त्याने ती आणायची. पहिले आले वस्तीवरचे सोपानआबा. टेबलामागे भावकीतलीच रेश्मा बसलेली पाहून म्हणाले, "पोरीच्या हातात मोटर? न्हाई बा!" सुमनने त्यांना चहावर चहा पाजून बसवून ठेवलं. रेश्माने मोटर भरली, सुरू केली... आणि ती उलटी फिरली. अख्खा बाजार खो खो हसला. रेश्माने डोळे पुसत दोन वायरी बदलून जोडल्या आणि मोटर सरळ फिरायला लागली. सुमन माझ्या कानात म्हणाली, "हसू दे गं. हसायला थांबलेत, आता गिऱ्हाईक म्हणून येतील."

आणि आले. आधी आमच्या काठचे, मग पूल ओलांडून दौंडकडचे. दौलतने दुकान टाकलं, त्याचं बघून आणखी दोघांनी. शिवणकाम शिकलेल्या सुना शाळांचे गणवेश शिवायला लागल्या. लांबून येणाऱ्या मुलींना खोल्या लागल्या, जेवण लागलं. माझ्या शेजारणीची खानावळ त्यावरच उभी राहिली. मोटर टाकायला आलेला माणूस बी-बियाणं, किराणा इथूनच नेतो. रेश्मा आता त्याच कॉलेजात शिकवते. गावाचा विकास म्हणजे काय हे मला भाषणांतून कधी कळलं नव्हतं, ते या बाजारात कळलं.

शोकसभेत संस्थेचे सचिव उठले. सुमनच्या स्मरणार्थ कॉलेज हायवेला, शिक्रापूरजवळ नेणार, भव्य इमारत, वर तिचं नाव! टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं असावं. मी उठले. म्हटलं, "साहेब, नाव तिचं लावायचं आणि तिच्याच गावाच्या पोटावर पाय द्यायचा, ही कुठली श्रद्धांजली?" ते गोड हसले. असल्या गोड हसण्याची मला चीड आहे.

परवा मशिनरी न्यायला टेम्पो आला, तोही नेमका बाजाराच्या दिवशी. टेबलावर सोपानआबांची मोटर खोलून पडली होती. आबा आडवे उभे राहिले. "माझी मोटर उघडी हाय. ती भरून द्या, मग काय न्यायचं ते न्या." त्यांच्यामागे दुसरा उभा राहिला, त्याच्यामागे तिसरा, सगळ्यांच्या मोटरी उघड्या. टेम्पो रिकामा परत गेला. सचिवांनी दौलतला फोन करून विचारलं, टेबल मोकळं कधी होणार? दौलत म्हणाला, "साहेब, ऐन उन्हाळा हाय. मोटरी जळायच्याच."

टेम्पो पुन्हा येणार आहे, येऊ दे. तोपर्यंत टेबल रिकामं ठेवायचं नाही असं गावात ठरलंय. माझ्याकडे ना विहीर ना मोटर. काल घरचा मिक्सर उचलला, गोदामात नेला आणि सुमन ज्या टेबलापाशी उभी राहायची त्यावर ठेवला. रेश्माने बटण दाबलं. झकास फिरला.

"बाई, ह्याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "खोल."