दुधाच्या कूलरवरचा सर्व्हर

वडगाव निंबाळकरला दूध डेअरीच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. मी, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण आणि कामाला दोन मुली, अशा चौघी. दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो.

साखर कारखाना सुरू झाला, की आमचं इंटरनेट बंद! सोमेश्वरनगरकडं निघालेल्या ट्रॉल्यांवर ऊस इतका उंच रचलेला असतो, की रस्त्यावरची केबल त्यात अडकून तुटणारच. आणि आमचा सगळा कोड बाहेरच्या साइटवर. माडीवर मोबाइलचं नेटही धड चालत नाही; केबल गेली, की एकीचं काम दुसरीला मिळायचं नाही. चौघी माशा मारत बसायचो. त्यातच मैत्रिणीला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. "ह्यो हंगाम बी असाच गेला, तर मी चालले बाई," तिनं सांगून टाकलं. ती गेली असती, तर एकटीला हे ओढणं मला झेपलं नसतं. ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

म्हणून कोड आपल्याच खोलीत, आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं ठरलं. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण कुठलं घ्यायचं यावर आमची जुंपली. मला मोठं हवं होतं: कोड, तक्रारी, आपोआप होणाऱ्या चाचण्या, सगळं एका जागी. तिला हलकं हवं होतं. कोड आणि तक्रारी सांभाळल्या की झालं, चाचण्या आपण हातानं करू. "चौघींच्या भाताला लग्नातलं पातेलं कशाला?" मी कसली ऐकतेय! जुन्या कॉम्प्युटरवर मोठंच बसवलं.

सकाळचं दूध आलं, की खालचा दूध गार करायचा कूलर सुरू होतो आणि माडीवरचे दिवे क्षणभर मंदावतात. रोज बघतो की आम्ही! तरी त्याच लायनीवर सर्व्हर लावला. कूलर घुरघुरला आणि सर्व्हर बंद. पुन्हा चालू केला, तर मोठं सॉफ्टवेअर उठेचना. चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवर 'थांबा'. जुन्या मशीनची मेमरी त्याला पुरत नव्हती. मैत्रीण गालातल्या गालात हसत होती. असा संताप आला मला! पण मुकाट्यानं तिचं हलकं बसवलं.

पुढच्याच आठवड्यात ट्रॉलीनं केबल तोडली. नेमकी त्याच दिवशी दुरुस्ती द्यायची होती: म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागत होता आणि केंद्रांवर भांडणं चालली होती. संध्याकाळच्या दुधाआधी काम व्हायला हवं होतं. चौघी भिडलो. दुपारी सकाळचं दूध गार राखायला कूलर पुन्हा लागला आणि सर्व्हर गेला. बटण दाबलं. मी खुर्ची ओढून बसेपर्यंत सगळं जागेवर! दुरुस्ती झाली, तपासली, पेन ड्राइव्ह घेऊन मुली स्कूटीवर केंद्रांकडं पळाल्या. दूध यायच्या आत म्हशीला म्हशीचा दर लागला. जीव भांड्यात पडला.

"उद्या वायरमनला बोलीव," मैत्रीण म्हणाली. "मशीनला येगळी लाईन घेऊ. ही रोजची धडधड न्हाय सोसायची मला."

"उद्या तू आहेस?"

"पुण्याला न्हाय म्हणून कळवलं की मगाशीच."

"कधी?"

"केबल तुटली आन् तरी आपलं काम थांबलं न्हाय, तवाच."

"अगं भवाने, आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले.