अबू जमीलने अडवून ठेवलेले जोडे

अलेप्पोच्या बाब अल-नैरब भागात फतहल्लाह सुरमायाती, म्हणजे अबू जमील, एक्केचाळीस वर्षं लाल जोडे शिवत होता. गिऱ्हाईक पूर्वेकडच्या खेड्यांतलं. तिथे लग्नात बायकांच्या पायात लाल जोडे येत, आणि नवरा वारला की तेच जोडे काळे करायला त्याच्याकडे परत येत. काळे जोडे दिसल्याशिवाय त्या बाईच्या सांत्वनाला कुणी जात नसे, तिला माहेरीही परतता येत नसे.

एका वसंतात उम्म खलफ जोड्यांचं बोचकं घेऊन आली. तिचा मुलगा खलफ बैरूतला गवंडीकामाला गेला होता. तिथे लढाई पेटल्यापासून चार वर्षं पत्र नव्हतं.

"सुनेचे आहेत. काळे कर."

"प्रेत पाहिलंस?"

"नाही."

"मग घाई कसली? पोटच्या पोराच्या जिवावर उठलीस की काय?"

म्हातारीने बोचकं त्याच्यापुढे सरकवलं.

अबू जमीलने जोडे खुंटीला टांगले. पुढच्या खेपेला कातडं दमट आहे म्हणाला, त्याच्या पुढच्या खेपेला रंग संपलाय. असं दोन वर्षं चाललं. शेजारचा खोगीरवाला चिडवी, "तुझा रंग काय इस्तंबूलहून उंटावरून येतोय?" अबू जमील हसे. आपण एका पोरीचा संसार राखतोय, अशी त्याची समजूत होती.

मग सून वदहा स्वतः आली. पायात तुटक्या रबरी चपला.

"काका, माझे जोडे?"

"काळजी करू नकोस पोरी. सासूच्या हाती लागू दिले नाहीत."

"सासूने नव्हते धाडले. मी धाडले होते. ती बिचारी रडत घेऊन आली."

अबू जमीलचा टोचा हातातच राहिला.

"चार वर्षं वाट पाहिली, मग मीच म्हटलं, पुरे. बापाने बोलावलं होतं. मागच्या हिवाळ्यात तोही वारला. मला एकदा विचारायचंत तरी."

"आता कुठे जाशील?"

"भावाकडे. वहिनीने ठेवलं तर."

त्याने रंगाचं भांडं काढलं. तीन हात दिले, शिवणीतही. त्याने मागवलेला चहा तिने घेतला नाही. जोडे तिने ओलेच पायात घातले. ते पाहणारा पहिला माणूस तोच, म्हणून सांत्वनाचे शब्द त्यालाच म्हणावे लागले. "अल्लाह खलफवर दया करो. तुला धीर देवो."

वदहा तिथेच खाली बसली आणि रडू लागली. अबू जमील उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. दोन गिऱ्हाइकं आली, ती त्याने परत पाठवली.