हळद प्यायलेली जीप: हदगाव ते जळकोट, मधे कंधार

बसच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि कुणी ओढून चढवलंच तर सगळी वाट उलट्या. त्यामुळं दारातली जुनी डिझेल जीप हेच माझं फिरणं. ती गेली की मी ओट्यावर बसले म्हणून समजा. आणि आमचा प्रकाश, म्हणजे मुलगा, म्हणतो, "माय, इंजन लई गरम होऊन राहिलंय. भंगारात देऊन टाकू."

मी म्हटलं, "जळकोटला माझ्या बहिणीच्या नातीचं लगीन हाय. जीप जाऊन आली तर ठेवायची. वाटंत बसली तर तुझं खरं." मालकांना, म्हणजे ह्याच्या बापाला, मी विचारलंसुद्धा नाही. गाडी ते चालवतात, पण निघायचं कधी ते मी ठरवते.

सकाळी निघालो. मागं घरच्या हळदीचा डबा, नवरीसाठी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन कॅन. नांदेडपर्यंतचा रस्ता आता इतका गुळगुळीत की हातातला चहा हलत नाही. वाटेतल्या अर्धापूरकडं यायचं तर ह्याच, उन्हाळा लागतानाच्या दिवसांत या. शेताशेतात हळद शिजत असते, त्या वासानं डोकं कसं हलकं होतं! केळी घ्या, पण पिकलेली बघून घ्या. मी कच्ची आणली, जळकोटला त्यांची भाजी झाली.

तर आमचा रेडिएटर थेंब थेंब गळतो. आमच्याकडं सगळे करतात तेच आम्ही करतो: गाडी थंड असताना आत मूठभर हळद. माणसाची जखम भरते, मग गाडीची का नाही? हळद घरची, म्हणून मालकांचा हातही सढळ. निघतानाही त्यांनी एक मूठ सोडली होती.

उस्माननगरच्या पुढं चढ लागला आणि बोनटमधून वाफ. गरमीचा काटा तर कधीच मेलेला. मालक फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी हातच धरला. "अहो, कुकर हाय समजा! शिट्टी जायच्या आधी उघडता का?"

लिंबाखाली दशम्या सोडल्या. एक मोटारसायकलवाला थांबला. "काका, गाडी म्हातारी, माणसं म्हातारी, जोडी लई जमली!"

"तुझी नवी हाय ना? मग जा गुमान," मी म्हटलं. त्यानं हसत हसत कंधारच्या जब्बारभाईंचं दुकान सांगितलं, बसस्टँडच्या मागं. थांबत थांबत पोचलो.

तेवढ्यात प्रकाशचा फोन. वाफेचं सांगितलं तसा म्हणाला, "माय, इंजनातलं हेड गॅस्केट गेलं असंल, पाणी तेलात जात असंल. त्याला खर्च करण्यात अर्थ न्हाई. भंगारवाल्याला सांगू का?" मालक दुसरीकडंच बघायला लागले.

जब्बारभाईंनी ऐकलं. "पोरगा फोनवर डॉक्टरकी करून राहिला का? मावशी, रेडिएटर म्हटलं की कंधारात जब्बार. अगोदर गाडी थंड होऊ द्या. तोवर किल्ला बघून या."

गेलो. काय तो खंदक, आणि काय दगडाची जोडणी! जमलं तेवढं चालले, उरलेला बुरुज बसून बघितला. तुम्ही मात्र सगळा बघा.

परत आल्यावर भाईंनी तेलाची पट्टी ओढून मलाच दाखवली. "पाणी तेलात गेलं असतं तर दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. हे बघा, काळं." मग झाकण काढून इंजन चालू केलं. "गॅस्केट फाटलं असंल तर पाण्यात बुडबुडे येतील, बघा." आम्ही तिघं विहिरीत वाकावं तसे वाकलो. एकही बुडबुडा नाही. गॅस्केट शाबूत! मालक पहिल्यांदा बोलले, "एक चहा सांगा."

गरम झालेल्या इंजनाची वरची नळी भाजत होती, खालची गार. म्हणजे पाणी फिरत नव्हतं. "थर्मोस्टॅट अडकला," भाई म्हणाले, "लावा चहाची पैज." पाण्याला वाट उघडून देणारी ती झडप असते. त्यांनी ती काढली आणि शेजारच्या चहावालीकडं उकळतं पाणी मागितलं.

"माझ्या पातेल्यात तुमचा लोखंडी बेडूक न्हाई टाकायचा!" ती ओरडली. शेवटी फुटक्या मगात दिलं. झडप टाकली, हळूच उघडली. चांगली होती. भाई पैज हरले आणि चहा त्यांनीच पाजला.

मग रेडिएटर उतरवला. तळाचं पाणी ओतलं तर पिवळंधमक! वर आमच्या बोअरच्या पाण्याचा खार, त्यात हळदीचा लगदा, दोन्ही थिजून बसलेलं. "काका, हा रेडिएटर हाय का वरणाचं पातेलं?"

मालक म्हणाले, "घरची हळद हाय. भेसळ न्हाई."

पुढचं काम बघत राहावं असं. भाईंनी रेडिएटरची वरची टाकी सांध्याची झाळ वितळवून उघडली. आतल्या एकेका बारीक नळीत पातळ पट्टी घातली, पुढं मागं केली, पाणी सोडून बघितलं, कान धरल्यासारखी पुढची नळी धरली. ना घाई, ना तोंड बंद. गळकी जागा झाळली, टाकी बसवली, पाण्याऐवजी कूलंट भरला, गरमीचा नवा काटा लावला. मजुरी वाजवी घेतली. "हळद भाजीत घाला मावशी. बोअरचं पाणी झाडाला."

पण खरी परीक्षा जांबकडच्या चढावर. माझी नजर रस्त्यावर नव्हतीच, काट्यावर होती. तो मधोमध उभा, चढ संपला तरी तिथंच. मी मालकांच्या पाठीवर थाप मारली, ते दचकले.

दिवे लागताना जळकोट. बहिणीनं वाटेतली सगळी गंमत ऐकली आणि डबा हलवून बघितला. "नवरीला ठेवलीस का सगळी गाडीलाच लावलीस?"

लग्न उरकून त्याच वाटेनं परत आलो. कंधारला थांबून भाईंना लाडू दिले. घरी आलो तर प्रकाश दारात. त्यानं बोनट उघडलं, काटा बघितला, खाली वाकून थेंब शोधला. सापडला नाही. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढील.

माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल तर जब्बारभाईंचे हात राहिले, आणि इंजनाच्या आत काय चालतं ते बघायची लागलेली गोडी. आणि प्रकाशनं? बापाकडून किल्ली घेतली, जीप मागं घेतली, वळवली, आणि पुढच्या फेरीसाठी तोंड रस्त्याकडं करून लावली.