दाभोशाच्या कड्याखाली

काल ट्रेकला निघालेल्या लेकीने अंगावर सेंट फवारला आणि त्या वासासरशी मला दाभोशाचा कडा आठवला.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. जव्हारहून जीपने येऊन आम्ही दोघी धबधब्याकडे उतरत होतो. ओल्या दगडांच्या, शेवाळाच्या वासात माझा सेंट वेगळाच जाणवत होता. खालून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई चढून येत होती. अचानक तिने मोळी टाकली, धावत येऊन लेकीला खाली पाडलं आणि तिच्यावर पालथी पडली.

"अहो, काय करताय? सोडा तिला!" मी ओरडले.

"आग्या उठलाय! खाली पड, तोंड झाक. हलू नुको!"

मग माझ्या सेंटच्या वासाने चवताळलेल्या आग्या मोहोळाच्या माश्यांचा घोंघाट अंगावरच आला. मी चिखलात तोंड खुपसलं. मानेला, हातांना आग लागल्यासारखं झालं. लेक "आई, आई" करत होती आणि मला हलता येत नव्हतं.

"रडू नुको, बाय. मी हाय ना," ती बाई तिला पुन्हापुन्हा सांगत होती. तिचा आवाज जराही कापला नाही.

घोंघाट थांबल्यावर ती उठली. लेकीला एकही डंख नव्हता. बाईचा चेहरा सुजून एक डोळा मिटत चालला होता. ओरडल्याबद्दल मी माफी मागायला लागले, तर ती म्हणाली, "पोरीला घे आधी."

मग तिने मला मोळी उचलायला हात लावायला सांगितलं.

'आम्ही कशा वाचलो' म्हणून ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले. ती बाई मोळी घेऊन, एका डोळ्याने उरलेली चढण कशी चढली असेल, हे मात्र काल पहिल्यांदा माझ्या मनात आलं.